कळ

या बेटावर झाडं नाहीत.
वारा उभं राहू देत नाही त्यांना.
पाहुणे म्हणतात, किती मोकळं आहे ऑर्कनी,
नजर कुठे अडतच नाही.
मला हवं असतं एखादं जाडसं खोड.
झुडूप तरी.

टपालाची लाल गाडी, एकशे बारा दारं.
माझ्या नकाशात गावं नाहीत.
धक्क्यावरचं शौचालय, एप्रिल ते सप्टेंबर.
शाळेतलं, मधली सुट्टी सोडून.
चर्चचं, किल्ली दगडाखाली.
मग सहा मैल काहीच नाही:
मेंढ्या, दगडी गडगे,
आणि समुद्र, जो सगळं बघत असतो.

कळ सांगून येत नाही.
बेंबीखाली कुणीतरी ओलं फडकं पिळतं,
कपाळ गार, कानांत शीळ,
आणि मोजणी सुरू. नव्वद सेकंद असतात माझ्याकडे.
कधी साठ.
रेडिओ बंद करते, श्वास वरच्यावर ठेवते,
बोलते स्वतःशी, हट्टी पोरीशी बोलावं तसं:
थोडी कळ काढ, थोरा,
वळणापर्यंत,
फाटकापर्यंत,
बस, एवढी एक पेटी.

डॉक्टरीणबाई ॲबर्डीनहून पडद्यावर येतात.
दिवसातून किती वेळा? रक्त?
वहीत लिहिलेलं वाचून दाखवते. सोमवारी अकरा.
मंगळवारी मोजलं नाही.
"चेहरा मात्र छान दिसतोय तुमचा."

दिसतो खरा.

फेब्रुवारीत, मॅन्सी रेंडलच्या फाटकाशी,
कळ काढता आली नाही.
साखळी गोठली होती, एवढंच.
बोटं साखळीत, आणि खाली
गरम, मग लगेच गार.
वारा माझ्याकडून घराकडे वाहत होता.

तो दारात आला. ऐंशीच्या पुढचा,
जन्मभर अडलेल्या गाईंची वासरं ओढून काढलेला माणूस.
त्याने पाहिलं. मग ढगांकडे पाहत म्हणाला,
"न्हाणीत पाणी गरम आहे.
मी गोठ्यात असेन. तासभर तरी."
खुर्चीवर बायकोची लोकरी विजार काढून ठेवलेली,
तिला जाऊन सहा वर्षं झाली,
घडीची रेघ तशीच.
मी रडले, पण नळ सोडून.
टपाल टेबलावर ठेवलं, विजेचं बिल वर,
आणि येते न म्हणताच निघाले.

शनिवारी त्याच्या पेटीत पार्सल.
तपकिरी कागद, तिकीट नाही,
निळ्या शाईत: थोरा इस्बिस्टर, लाल गाडी.
आत माझी खाकी विजार, धुतलेली,
इस्त्री अशी की एका पायाला दोन रेघा.
चिठ्ठीबिठ्ठी काही नाही.

त्यावर आम्ही कधी बोललो नाही.
हवेवर बोलतो. बोटीच्या उशिरावर.
तिची विजार परत नेली तर म्हणाला, राहू दे गाडीत.
धक्क्यावर, दुकानात, कुणाच्या नजरेत काही नव्हतं,
म्हणजे त्याने ते पोटात ठेवलं.
माझ्या पोटात तर काही ठरत नाही.

मोजते अजूनही. नव्वद, एकोणनव्वद.
गेल्या आठवड्यात गडग्यापाशी
पुन्हा थांबावं लागलं, मेंढ्यांच्या देखत.
त्या चरत राहिल्या.

मॅन्सीच्या फाटकाला आता साखळी नाही.
सुतळीचा फास आहे,
एका बोटाने सुटणारा.