अस्तर

भायखळ्याला पुलाखाली माझं दुकान.
पाट्या रंगवतो.
फ्लेक्स आल्यापासून
रंगवायचो म्हणणं जास्त खरं.

लहानपणी वाटायचं, सगळ्यांनाच दिसतं:
क वांग्याच्या सालीचा,
म ताकाचा, जरासा आंबूस,
ठ तर वाजतोच,
पितळी वाटी फरशीवर पडून
फिरत राहते तसा.
तिसरीत बाईंना म्हटलं,
फळ्यावरचा च चुकलाय, तो पिवळा असतो.
बाईंनी खडू वर धरून दाखवला.
वर्ग हसला.
त्या हसण्याचा रंग मी कुणाला सांगितला नाही.

तांडेल मास्तरांकडे ब्रश धरायला शिकलो.
ते म्हणायचे, गिऱ्हाईक सांगेल तो रंग.
तुझ्या डोळ्यातला घरी ने.
घरी कुठे नेणार? दहा बाय दहाची खोली,
त्यात सहा माणसं आणि एक शिलाई मशीन.
मग मी तो अस्तरात ठेवू लागलो.
आधी प्रत्येक अक्षराला त्याचा स्वतःचा रंग,
पातळ हाताने, एकच थर,
आणि वाळल्यावर त्याच्यावर
गिऱ्हाइकाचा लाल.
कोयंडे ऑप्टिशियन. न्यू सरोश बेकरी.
दातांचे डॉक्टर, पहिला मजला, जिना मागून.
पैसे लालचे घेतले.

परवा माझगावातून येताना
मोहोळकर दळण केंद्र दिसलं.
पश्चिमेचं ऊन वीस वर्षं चाटत होतं पाटीला,
लाल उडालेला,
आणि आतले दोन्ही ळ बाहेर आलेले,
भाऊच्या धक्क्याच्या पायऱ्यांवर
ओहोटीला उघडं पडतं त्या शेवाळाचे.
बघताना पाय घसरेल असे.

शेजारी एक मुलगी, आठनऊ वर्षांची,
हातात बाजरीचा डबा.
तीही वरच बघत होती.
म्हणाली, काका, ते ळ चुकलेत.
ळ जांभळा असतो. आणि गार.

गार, हे कबूल, मी म्हटलं. पण जांभळा?
जांभळाच.
अगं, नीट बघ तरी.
तुम्हीच बघा.

असे भांडलो आम्ही, तिचा नंबर येईपर्यंत,
मग दळण होईपर्यंत.
गिरणीवाला पट्ट्याच्या आवाजावरून ओरडला,
काय हरवलंय का तुमचं?

ती डबा छातीशी धरून निघून गेली.
पीठ अजून गरम होतं,
त्याच्या वासाला
कडेने थोडा न होता.

तिला विचारायचं राहिलं.