सोहार ते सलाला

आठशे साठ किलोमीटर.
एक तास पस्तीस मिनिटं.
काउंटरवर कुणी विचारलं तर झोपेतही सांगेन,
नऊ वर्षं सांगतोय.
बॅगा तोलतो, पट्ट्या चिकटवतो,
विमान सोडतो मुनाफभाईच्या गावाला
आणि इथेच राहतो,
काचेच्या अलीकडे, एसीच्या गारव्यात.

भाई तिथे सरकारी दवाखान्यात रक्त तपासतो.
सकाळी माझ्या हातून निघालेलं माणूस
दुपारी त्याच्यापुढे बाही वर करत असेल,
खिशात मी फाडून दिलेला अर्धा पास.
आमचं बोलणं बंद.
दाभोळला, खाडीवरच्या परसात,
गडगा कुठून घालायचा, एवढ्यावरून.
चार हात जागा.
त्याचा हात माझ्याहून बोटभर लांब,
त्यामुळे मोजणीही कधी जुळली नाही.

यंदा खरीफात तिकीट काढलं,
स्टाफचं, जागा उरली तर मिळणारं.
त्याला तीन शब्द पाठवले:
शुक्रवारी. सकाळच्या विमानानं.
उत्तर नाही. दोन निळ्या खुणा.

डोंगर लवकर संपले. मग नुसतं सपाट,
तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखं.
हैमा गेलं असावं. थुमरैत गेलं असावं.
शेजारी गुलखातून, सोहारची बलुची म्हातारी,
मांडीवर वाळल्या मासळीचा डबा, बोटांत तसबी.
म्हणाली, "एका माळेत सलाला येतं, बेटा.
कधीकधी दोन-चार मणी उरतात."

त्या दिवशी माळ संपली तरी
खाली पांढरंच.
डोंगराच्या कडेपासून समुद्रापर्यंत
कुणी कापूस पिंजून पसरला होता,
एक भोक ठेवलं नव्हतं.
आम्ही गोल फिरलो.
खाली गेलो, इतके,
की चाकं उघडल्याचा धक्का पोटात बसला,
काचेवरून पाणी तिरकं धावलं,
आणि पायलटनं नाक वर घेतलं.
पुन्हा एकदा. पुन्हा वर.
मागे कुणाचं मूल ओकलं.
मग धुकं, इंधन, दिलगिरी, सगळं दोन भाषांत.

तिसऱ्या माळेच्या शेवटाला सोहार आलं.
गुलखातूननं डबा उघडून मला एक तुकडा दिला.
"आता काय, वास तर सगळ्यांनी घेतलाच."

ड्यूटी नव्हती, तरी काउंटरमागे गेलो,
नव्या हिलालला कागद भरता येईना.
निघालं: सोहारहून.
पोचलं: सोहारला.
हवेतला वेळ: तीन तास पन्नास मिनिटं.
"आणि अंतर?" त्यानं विचारलं,
"अंतराच्या रकान्यात काय लिहू?"

तेवढ्यात फोन.
दोन वर्षं अकरा महिन्यांनी तो नंबर.
हॅलो नाही, सलाम नाही.
"आवाज आला रे," भाई म्हणाला.
"पार्किंगात उभा होतो, सहापासून.
दिसत काहीच नव्हतं, माझीच गाडी दिसेना.
दोनदा डोक्यावरून गेलास.
दुसऱ्या खेपेला इतका खाली होतास
की मी येड्यासारखा हात वर केला."

"कितीसा खाली?"

पलीकडे कुणीतरी हॉर्न वाजवला.
त्याला वेळ लागला.
"चार हात," तो म्हणाला.

हिलाल पेन धरून अजून उभा होता.