घट्टा

सोळा वर्षं मी मांडी घालून वाजवलं.
व्हायोलिनचं डोकं उजव्या घोट्यावर,
तिथे एक घट्टा, आमसुलाएवढा.
ताम्हनकर बाई आधी तो बघायच्या, मग मला.
हं, रियाझ आहे.

बँडची पहिली अट, उभी राहा.
उभं राहून मला सा सापडेना.
डाव्या हाताला कळेना, वाद्य धरायचं की वाजवायचं.
धायरीचं तळघर, शेजारी टाइल्सचं गोदाम,
वर जिम. कुणीतरी वजन आपटतं,
आमचा ड्रमर म्हणतो, घ्या, सम आली.

मग गंधाराचं भांडण.
गिटारचा गंधार पट्टीला खिळ्यानं ठोकलेला,
माझा किंचित खाली, जरा हलता,
वाळत घातलेल्या ओढणीसारखा.
साउंडवाला कानात म्हणाला, मॅडम, फ्लॅट जाताय.
सोळा वर्षं.
आणि फ्लॅट.

नामा रेणके कोपऱ्यात संबळ शेकत होता,
हेअर ड्रायरवर, कारण निखाऱ्यांनी अलार्म वाजतो.
मान वर न करता म्हणाला,
त्यांचं ऱ्हाऊ द्या. आमची चुलती जागरणात
पहाटं तीनला हितंच सूर लावती.
गिटारनं जरा गप ऱ्हावं.

राहिली गप. त्या कडव्यापुरती.

बाईंना मी हे सांगितलं नाही.
भीमपलासातल्या ज्या गंधारासाठी त्यांनी मला
अख्खा एक श्रावण तीन सुरांत कोंडून ठेवलं,
तो जेजुरीकडच्या एका बाईला
कुणीच शिकवलेला नाही.

बाणेरला शनिवारी वाजवतो, लोक नाचोज खातात.
तिसऱ्या गाण्याला एखादं टेबल उठून नाचतं.
रात्री दीडला राजाराम पुलावरून स्कूटर,
पाठीवर पेटी, केसांत तळणाचा वास,
घोट्यावरचा घट्टा मऊ पडत चाललेला.

गुरुपौर्णिमेला पाया पडले.
बाईंनी एका बोटानं हनुवटी उचलली,
जबड्याखालचा तपकिरी डाग बघितला.
हे काय?
उभं राहिल्याचं.
त्या चहा ठेवायला उठल्या.
ओट्यापाशी, माझ्याकडे पाठ करून,
तिथे तानपुऱ्यावर कोण असतं गं तुझ्या?

कुणी नाही, म्हणणार होते.
मग म्हटलं, एक मुलगा आहे, बेस वाजवतो.
तासभर एकाच सुरावर उभा असतो.
कंटाळत नाही?
कंटाळतो.
मग बरा आहे, बाई म्हणाल्या,
आणि गाळणं शोधू लागल्या.