छाट

निहारिकाची सातवी झाली.
घरकुलातून चालत गाठता येतील अशा दोन शाळा,
दोन्ही अनुदानाच्या, फी दोन्हीकडे सारखीच, म्हणजे नाहीच.
तरी मी विडीच्या हिशेबाची वही उलटी धरली
आणि शेवटच्या पानावर मधोमध रेघ मारली.

डावीकडे पाण्याच्या टाकीजवळची.
गेटावर फ्लेक्स, शंभर टक्के निकाल, सलग सहावं वर्ष,
खाली तेल लावून भांग पाडलेले एक्केचाळीस फोटो.
प्रयोगशाळेत हाडांचा सांगाडा, त्याच्या गळ्यात कुणीतरी टाय बांधलेला.
मुलींच्या संडासाला आतून कडी.
मी लावून बघितली. दोनदा.

उजवीकडे अक्कलकोट रोड ओलांडून,
टॉवेलच्या कारखान्यांमागची.
निकाल अडुसष्ट.
गणिताची जागा दोन वर्षं रिकामी,
हत्तुरे बाई मराठी घेतात आणि त्याच खडूनं गणितही.
पिण्याच्या पिंपावर झाकण म्हणून जुना कॅरम बोर्ड.
मागांचा खडखडाट वर्गात येऊन बसतो,
म्हणून तिथली पोरं घरीसुद्धा ओरडूनच बोलतात.
कडी नाही. एक मुलगी आत जाते,
दुसरी बाहेर दार धरून उभी राहते.

शेजारची कौसरबी म्हणाली,
ह्यात बघायचं काय अक्का, शंभर ते शंभर.
तिच्या अल्फियालाही तिथंच घालायची म्हणते.
अल्फिया वाचताना जोडाक्षराशी थांबते,
बोट ठेवते, आणि बोट उचलतच नाही.

बावीस वर्षं विड्या वळते मी.
शंभरातले शंभर चांगले कसे निघतात, मला विचारा.
तपासनीस कट्टा सोडतो, अंगठ्यानं चाळतो,
पान फाटलं, तोंड सैल, दोरा उसवला,
छाट. बाजूला.
मग उरतं ते सगळं एकसारखं, एका उंचीचं,
त्यावर लेबल छान बसतं.
आणि छाट तो फेकत नाही बरं का,
ठेवून घेतो. मजुरी तेवढी देत नाही.

म्हणून टाकीजवळच्या ऑफिसात विचारलं,
नववीला किती होती पोरं?
क्लार्कनं रजिस्टर मिटलं, पंख्याकडे बघितलं.
बाहेर चप्पल घालताना शिपाई हळूच बोलला,
चौसष्ट होती. तेवीस दाखले गेले.
पालकांनी स्वतःहून मागितले, असं लिहून घेतलंय.

तेवीस.
आमचा कट्टा पंचवीसचा असतो.
दोन कमी, नाहीतर पुरा कट्टा.

रस्ता ओलांडून हत्तुरे बाईंना तेच विचारलं.
नववीत एकोणपन्नास, म्हणाल्या, दहावीला अठ्ठावन्न.
वाढली कशी, बाई?
त्यांनी उत्तर दिलं नाही.
खडूचा हात पदराला पुसला
आणि खिडकीतून टाकीकडे बघितलं.

आता खरं सांगते, वहीत लिहिलं नाही ते.
माझी पोर छाट होणार नाही.
पाढे तिला तीसपर्यंत येतात, अक्षर छापल्यासारखं.
त्या एक्केचाळिसांत तिचा फोटो मला आत्ताच दिसतो,
पहिल्या ओळीत, डावीकडून तिसरा,
आणि तो बघून आधी आनंद होतो,
मग कौसरबीच्या दाराकडे बघवत नाही.
बालवाडीपासून दोघींत एकच कंपासपेटी.

रात्री निहारिकानं पान वाचलं.
वरपासून खालपर्यंत, मग परत खालून वर.
मला वाटलं सांगाड्याचं विचारील.
तिनं विचारलं,
अम्मा, कडी केवढ्याला मिळते?

तीस, म्हटलं. स्क्रू धरून पस्तीस.

हं, म्हणाली, आणि वही घेऊन कौसरबीकडे गेली.
अजून आली नाही.
अर्जाची मुदत उद्या पाचपर्यंत आहे,
आणि आजचे दोनशे वळायचे राहिलेत.