अधांतरी दार

दोर कुरकुरला की मला कळतं
कोणत्या चाकाला तेल हवंय.
बावीस वर्षं या लोखंडी डब्यात उभी आहे मी,
खाली चिआतुरा, वर खाणकामगारांची वसाहत,
मध्ये सहा मिनिटं.
सहा मिनिटांत काय विचार करणार माणूस?
बटाट्यांचा भाव. गुडघा.
पोलंडहून न आलेला लेकाचा फोन.

लहानपणी हीच सहा मिनिटं
संपता संपत नसत.
बाबा काळे कान घेऊन खाणीतून परतत
आणि मी धुक्याकडे बोट दाखवून सांगे:
याच्या खाली अजून एक गाव आहे, उलटं.
तिथे वाळत घातलेले कपडे आभाळाकडे लोंबतात.
नगराध्यक्ष एक बदक आहे, चिडकं,
त्याला सही करता येत नाही
म्हणून तिथे कुणालाच कामावरून काढता येत नाही.
बाबा हसायचे नाहीत. विचारायचे,
"तिथे मँगनीज निघतं का, नाझिब्रोला?"
"निघतं. पण गोड असतं."

ते गाव कधी गेलं, विचारू नका.
कुणी हिसकावलं असतं तर तक्रार तरी केली असती.
पाऊस थांबल्यावर छत्री कुठेतरी राहून जावी
तसं झालं.
आधी वीज गेली, मग पगार, मग नवरा.
अंधारात काडेपेटी चाचपणाऱ्याला
बदकाची सही कुठून आठवणार?
स्वप्नंही पडायची ती तिकिटांची.
रात्रभर मोजायचे,
पहाटे दोन कमी भरायची.

गेल्या गुरुवारी बिचिको चढला, दार घेऊन.
म्हणजे खरंच दार. अक्रोडाचं, चौकटीसकट,
बहिणीच्या पाडलेल्या घरातलं.
निम्म्यावर डबा थांबला.
धुकं असं, की काचांना कुणी चुना फासलाय.
वरून निरोप आला: चाळीस मिनिटं.
त्याने खिशातून सूर्यफुलाच्या बिया काढल्या,
मूठभर मला दिल्या.
आम्ही टरफलं सोलत राहिलो
आणि आमच्या मध्ये ते दार उभं,
ना अलीकडे खोली, ना पलीकडे.

माझ्या तोंडून निसटलंच,
"पलीकडे काय असेल?"
"कोठीची खोली. लोणची. बायकोचं शिवणयंत्र."
"घरी नाही. आत्ता."

त्याने पाहिलं माझ्याकडे.
वाटलं, संपलं, हा आता सगळ्या बाजाराला सांगणार.
त्याने एक टरफल थुंकलं.
"कडी आतून आहे," म्हणाला. "वाजवून बघ."

पन्नाशीची बाई, कंपनीचा कोट, गळ्यात शिट्टी,
दरीवर टांगलेल्या डब्यात
एका दारावर टकटक करते.
आवाज भरीव आला, आत सामान असल्यासारखा.
आणि शपथेवर सांगते, आधी वास आला,
ओल्या पिसांचा.

"कोण आहे?" बिचिको कुजबुजला.
"आहे कुणीतरी. पण सहीशिवाय उघडता येत नाही म्हणतंय,
आणि सही जमत नाही."
तो बराच वेळ गप्प. मग, अगदी गंभीरपणे:
"अंगठा चालेल म्हणावं."
"बदकाला अंगठा कुठला?"
"हं," तो म्हणाला. "मग अवघड आहे."

वीज आली. डबा हलला.
वर पोहोचल्यावर त्याने दोन तिकिटांचे पैसे ठेवले.
"दाराचं लागत नाही," मी म्हटलं.
"दाराचं नाही."
आणि गेला, पाठीवर ते ओझं घेऊन, तिरका तिरका,
उंबऱ्याची लाकडं दगडांवर आपटत.

गुडघा दुखतोच आहे. बटाटे महागच.
रात्री मीच लेकाला फोन लावला, गोदामातल्या पाळीवर.
म्हटलं, बदक तुझी चौकशी करत होतं.
त्याला वाटलं मी प्यायलेय.
"आई, झोप आता."
"झोपते. ठेवू नकोस मात्र.
आधी सांग, तिथे धुकं पडतं का?"