बेलचं बटण

कंपनीचा आहे, असं मी सगळ्यांना सांगायचे.
फोंड्याच्या वरच्या बाजारात, तीन पायऱ्या उतरून
माझं डीटीपी, दाराशी झेरॉक्सचा फलक,
आत हा काळा, अबोल डबा,
कपाळावर नाव कोरलेला.
आसपासच्यांचे सगळे जुळवलेले. माझा कंपनीचा.
छत्तीस हप्ते भरले त्या नावाचे,
एकही चुकवला नाही.

चवथीला अठरा दिवस असताना
तो मधेच गपकन मिटू लागला.
आरत्यांची पुस्तकं अर्धवट, मंडळवाले दारात.
साईशने बाजूचं झाकण काढलं, टॉर्च धरला.
मदरबोर्डावरचे कपॅसिटर फुगलेले,
टाळूवर तपकिरी पाझर.
"बाय, बोर्ड गेलो. नवो घालूया."
मला वाटलं, बल्ब बदलण्यासारखं असेल.

नवा बोर्ड मडगावहून आला
बसच्या कंडक्टरच्या हातून, चंदेरी पिशवीत.
भोकं जुळेनात.
तीन स्क्रू बसले. चौथ्याच्या जागी
पत्र्याला टेंगूळ, मुद्दाम आणल्यासारखं.
मागची चौकट पत्र्यातच कापलेली, निघता निघेना.
पॉवर सप्लायच्या टोकाला सहा पिना,
बोर्ड मागतो चोवीस.

साईश घाम पुसत म्हणाला,
कंपनीवाल्यांना बाहेरची सोयरीक चालत नाही.
दीड हजारात नवा डबा येतो, हा द्या भंगारात.
मी नाही म्हटलं.
का, ते मला धड सांगता आलं नाही,
आणि त्यानेही विचारलं नाही.
पॉवर सप्लाय तेवढा दुसरा आणला.

मग खडपाबांधचा कायतान आला,
गाड्यांचे चेपलेले पत्रे सरळ करणारा.
एका हातात चहा, दुसऱ्यात ग्राइंडर.
बोर्ड बाहेर काढून ठेवला, देवासारखा, पाटावर.
आगपेटीच्या काडीने माप घेतलं त्याने,
टेंगूळ छाटलं, चौकट कापली.
ठिणग्या थेट लग्नपत्रिकांच्या नमुन्यांवर.
पैसे नको म्हणाला. फेस्ताची पावती-पुस्तकं
छापून दे फुकट. दोन. नाही, तीन.

बोर्ड बसला. आणि मला आठवली किल्ली.
प्रिंटरच्या जुन्या भोकात खोचलेली, अंगठ्याएवढी,
जिच्याशिवाय माझे फॉन्ट उघडत नाहीत.
नव्या बोर्डाला पाठीमागे ते भोकच नाही.
अकरा वर्षांच्या फायली:
जत्रेच्या नाटकांची हँडबिलं, बाराव्याची पत्रं,
पतसंस्थेचे अहवाल, एका मुलाचं नाव तीनदा,
कारण आईला वेलांटी पहिली हवी होती.
किल्ली नसेल तर सगळ्याचे चौकोन.
साईश म्हणाला, आता युनिकोड शिका.
मी म्हटलं, शिकेन. चवथीनंतर.

तो बराच वेळ बोर्डावर वाकून राहिला.
मग नखाने दाखवलं: कडेला
पिनांची एक दुहेरी ओळ, कशाला न जोडलेली,
शेजारी मुंगीएवढी अक्षरं.
भोक काढून टाकलं, पण वाट ठेवली होती कुणीतरी.
त्याच्या माळ्यावर उंदरांनी सोडलेली
एक चपटी केबल निघाली.
किल्ली आता मागे लोंबते, उघड्यावर.

राहिलं पुढचं बटण.
दहा बारीक तारा एकाच खटक्यात,
कुठली कुणाची, कंपनीलाच ठाऊक.
शेवटी समोरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून
दारावरच्या बेलचं बटण आणलं, पंचवीस रुपयांचं,
वर छोटीशी घंटा छापलेली,
आणि बाजूला चिकटपट्टीने डकवलं.

रात्री साडेअकराला पहिलं अक्षर उमटलं.
मी ळ मारला होता. कशाला, कोण जाणे.
घड्याळ कुठल्याशा एक जानेवारीवर अडलेलं.

नवीन गिऱ्हाईक येतं, हौसेने
नावाखालचं चकचकीत बटण दाबतं.
काहीच होत नाही.
मी वाकते, बाजूची बेल दाबते,
आत कुणी आहे का, असं विचारावं तशी.
क्षणभर शांतता.
मग पंखा.