दुरुस्ती

पहिल्यांदा पाठवली तेव्हा उत्तरच आलं नाही.
दुसऱ्यांदा आलं: आमच्या वाचकाला केळीत रस नाही.
तिसऱ्यांदा: रस आहे, पण आलेख कुठे?
‘साभार परत’ म्हणायची पद्धतही आता उरली नाही,
नुसता नकार येतो, तोही रात्री,
सावद्यात लाईट गेलेली असताना.

बातमी म्हणजे काय, तर गंभीर फेगडेंचं खोकं.
पिकवण खोलीत वायू साचला
की ते जुन्या बटणाच्या फोनला मिस कॉल देतं.
उचलायचा नाही. उठायचं,
झरोका उघडायचा, वीस मिनिटं, पुन्हा बाजेवर.
खर्च अकराशे चाळीस,
त्यात पंखा भंगारातल्या फ्रीजचा.

मी वजनकाट्यावर पावत्या फाडते.
दोन ट्रकांच्या मध्ये मिळतो तेवढ्या वेळात लिहिलं,
आधी पावतीच्या पाठीवर, मग मोबाईलवर.
लिहिलं, की चौथ्या दिवशी दार उघडलं
की वास आधी बाहेर येतो, केळी मागून.
लिहिलं, की फेगडेंची बायको त्या रिंगटोनला सवत म्हणते.
आलेखासाठी सतरा रात्री ते आकडे सांगत गेले, मी मांडत गेले.
अठराव्या रात्री त्यांना डुलकी लागली,
ती जागा कोरीच ठेवली.

चौथ्यांदा, मंगळवारी, ट्रक काट्यावर असताना आलं:
घेतोय. सातशे शब्द करतोय. मानधनाचं नंतर बोलू.
मी ट्रकचं वजन दोनदा लिहिलं.
ड्रायव्हर म्हणाला, ताई, एकच गाडी आहे.

लागली तेव्हा सवत गेलेली होती. वासही.
माझ्या जागी ‘स्थानिक सूत्रांनुसार’.
वर मथळा: खेड्यातला जुगाड.
सावद्याला नगरपालिका आहे, ते असू दे.
पण जुगाड?
त्या माणसाने सोळा वेळा सर्किट जाळलं,
सतराव्यांदा जाळायला पैसे नव्हते
म्हणून रात्रभर नुसता बघत बसला, आणि जमलं.
एक वाक्य मात्र कापायचं राहिलं होतं:
‘त्याला हिरवं-पिवळं कळत नाही, ते फक्त हाक मारतं.’
ते मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा मोठ्याने,
काट्याच्या खोलीत, एकटीच.

फेगडेंना दाखवलं.
हात पुसले, चष्मा शोधला,
अंगठ्याने सरकवत शेवटपर्यंत गेले, परत वर आले.
स्वतःचं नाव पाहिलं, त्यावर थांबले नाहीत.
म्हणाले, पंख्याला चोवीस व्होल्ट नाही, बारा.
कोणी वाचून चोवीस दिलं
तर पहिल्याच रात्री जळंल बिचाऱ्याचं.

माझ्या कागदावर बाराच होतं.
तरी दुरुस्ती मीच पाठवली, एक ओळ,
सोबत आलेख नाही, काही नाही.
आठ दिवस झाले.
खोलीत आज नवा हिरवा माल लागलाय.
फेगडे बाजेवर, फोन उशाशी.
माझा चार्जिंगला लावून ठेवलाय,
लाईट आली की चढेल.